पाच शेर बर्फ

माणसाने कंपनीच्या कामाला म्हणून तीन दिवस नाशिकला जावं, रविवारी सकाळी परत यावं ते डोकं तुळतुळीत करून, मिशीसुद्धा उतरवून, आणि आईने विचारलं तर म्हणावं, उकडत होतं! जानेवारी महिन्यात उकडत होतं! संक्रांत होऊन आठवडा झाला नाही, मरोळच्या चाळीत सकाळी खोबरेलाची बाटली थिजून दगड होते, माणसं कानाला मफलर गुंडाळून नळावर उभी राहतात, आणि नाशिकच्या थंडीत ह्या एकट्याला उकडलं. चंद्रप्रकाशाचं हे वागणं वनमालेला मुळीच पटलं नाही. खोटं बोलला त्याचं एक वेळ काही नाही, पण बोलायचं तर जरा जुळवून बोलावं, आईला अगदीच येडी समजू नये. दुसरीतून शाळा सुटली होती तिची, पण डोकं आणि मिशी एकदम कधी उतरवतात हे कळायला दुसरीही लागत नाही. आई-बापातलं कुणी गेलं की उतरवतात. आई तर समोर बसली होती, मांडीवर तांदळाचं सूप, कपाळावर जुन्या रुपयाएवढं कुंकू. मग उरला कोण?

तो टॉवेल घेऊन मोरीत शिरला तेव्हा तिने सुनेकडे पाहिलं. सुलक्षणा स्टोव्हपाशी पाठ करून उभी होती आणि नसलेली राख पुसत होती. “तुला ठाऊक होतं?” वनमालेने विचारलं. “आई, चहा टाकू तुम्हाला?” “चहाचं विचारलं नाही मी.” तेवढ्यात वरून विमान गेलं. सहारला उतरणारी विमानं ह्या चाळीवरून इतकी खालून जात की खुंटीवरचे झारे-उलथणे एकमेकांवर आपटत, आणि बोलणारा माणूस तोंड तसंच उघडं ठेवून थांबे. चाळीतल्या सगळ्यांना ती सवय झाली होती. सुलक्षणेला आज विमानाचा आधार झाला. ते गेल्यावर तिने चहाचं आधण ठेवलं आणि वनमालेनेही पुन्हा विचारलं नाही. तिने मान खाली घालून खडे वेचले. तेहतीस वर्षं झाली, विमान गेलं की ती मान खाली घालते. विमानतळाला टेकून अख्खा जन्म गेला, पण पोटाखालून विमान कसं दिसतं हे विचारलं तर तिला सांगता येणार नाही. लोक म्हणत, बिचारी. तिला तो शब्द आवडत नसे. बिचारी म्हणणाऱ्या एकीला तिने भर नळावर सुनावलं होतं, तुझी कीव तुझ्या घरी शिंक्यात टांगून ठेव, म्हणून.

मोरीतून तो बाहेर यायला आणि शेजारची विमला दारात यायला एकच गाठ पडली. विमलेच्या हातात कुंकवाचा करंडा होता. “वनूमावशी, संध्याकाळी हळदीकुंकवाला या हां, लवकर या, मागच्या वर्षासारखं सगळ्यांच्या शेवटी नको, वाण बघा काय झकास आणलंय...” आणि तिला चंद्रप्रकाश दिसला. ओल्या डोक्यावरून पाणी निथळत होतं आणि मिशीच्या जागची कातडी जखमेवरची पट्टी काढल्यावर दिसते तशी पांढरी होती. विमलेचं बोट कुंकवात बुडालेलं होतं. ते तिने वनमालेच्या कपाळाकडे नेलं, मध्येच थांबवलं, आणि काय करावं न सुचून स्वतःच्याच कपाळाला लावलं. “मागाहून येते,” असं म्हणाली आणि गेली. तिच्या चपला गॅलरीत लांब वाजत गेल्या. आता पाचच्या आत सगळ्या चाळीत होईल. वनमालेला राग आला, पण नेहमीसारखा जिभेवर आला नाही. पोटात कुठेतरी खाली, जिथे तिने तेहतीस वर्षं एक गोष्ट दाबून ठेवली होती, तिथे जाऊन तो थंडगार पडला.

सीताराम विमानाबरोबर जायचा. पायलट नव्हता की कुणी साहेब नव्हता. सांताक्रूझला माल चढवणारा हमाल. पण त्या काळी लांबच्या छोट्या धावपट्ट्यांवर माल उतरवायला माणसं नसत, म्हणून कंपनी आपलाच एक माणूस शेपटाकडे मालाशेजारी बसवून पाठवी. वर्षातून सात-आठदा त्याची पाळी येई. एकावन्न सालच्या जानेवारीत पाळी आली ती जम्मूची. आणि जम्मूला छावणीत होता गुणाजी, तिचा धाकटा भाऊ, मराठा पलटणीत आचारी. त्याचं कार्ड आलं होतं, अक्का, इकडे सगळं आहे पण ताजी मासळी नाही, डाळ खाऊन खाऊन जिभेला साल आलंय. कार्ड वाचून दाखवलं तेव्हा ती तीनदा रडली. मग सकाळीच उठून वर्सोव्याला गेली, राधा कोळणीकडून आठ पापलेटं निवडून घेतली, एकेकाचे कल्ले उघडून बघून, आणि बांबूच्या करंडीत लाकडाचा भुसा, भुशावर पाच शेर फोडलेला बर्फ, बर्फात मासे, वर परत बर्फ, आणि गोणपाट शिवून ती करंडी सीतारामाच्या पुढ्यात आणून ठेवली. तो बघतच राहिला. “इमान म्हणजे काय तुझ्या म्हायारची बैलगाडी आसा?” म्हणाला. झालं. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. बर्फ वितळून गेला तेव्हा पुन्हा वर्सोव्याला जाऊन पाच शेर आणला, मासेही बदलून आणले, पुन्हा शिवलं, आणि पुन्हा काही न बोलता पुढ्यात ठेवलं. निघायच्या वेळी त्याने मुकाट करंडी उचलली. तेव्हा तिला तोंड उघडावंच लागलं. “माणसांच्या उबेत ठेवू नका. नासतील. थंडातलं थंड ठिकाण बघून ठेवा.” तो दारात वळला. त्याच्या वरच्या ओठाचा एक कोपरा नेहमी आधी हसे, मग बाकीचं तोंड. “होय गो,” म्हणाला, “पंखार बांधून नेतंय तुझी करंडी. थंयच सगळ्यात थंड.” ती हसली नाही. हसायला हवं होतं, दोन दिवसांचं भांडण तिथे सुटलं असतं. पण आपण हसलो तर हा जिंकेल, असं तिला वाटलं, आणि तिने दार लावून घेतलं.

सहाव्या दिवशी दादू आला. सीतारामाबरोबरचा हमाल. त्याच्यामागे कंपनीचा एक साहेब, त्याला मराठी येत नव्हती, तो टोपी हातात घेऊन चाळीच्या जिन्यात उभा राहिला. दादूने सांगितलं. डोंगरात पडलं वयनी. सतरा पॅसिंजर, सगळेच. कसं पडलं? साहेब काहीतरी बोलला आणि दादूने ते मराठीत केलं: “पंखांवर बर्फ धरला, वयनी. जड झालं. खाली आलं.” आजूबाजूच्या बायका तोंडाला पदर लावून रडायला लागल्या होत्या, पाच वर्षांचा चंदू कुणाच्या तरी कडेवर होता, आणि तिने विचारलं, “किती शेर?” दादूला कळलं नाही. “किती शेर बर्फ होता?” बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, धक्का बसलाय, डोकं फिरलंय हिचं. दादू काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, “शेर कसले वयनी, मणांनी होता म्हणतात.”

मणांनी. ह्या एका शब्दाला धरून तिने स्वतःला सोडवून घ्यायला हरकत नव्हती. पाच शेरांचे मण होत नाहीत. काही दिवस तिने तसं केलंही. आणि मग एका सकाळी दुधाच्या पातेल्यात विरजण घालताना तिचा हात थांबला. चमचाभर दही. पातेलंभर दूध. रात्रीतून सगळंच्या सगळं धरतं, वरपासून बुडापर्यंत. धरतं, म्हणजे त्याला कुणीतरी आधी थोडं लावावं लागतं. आपणहून कुठे काय धरतं? वर थंडीच थंडी, सीतारामच सांगायचा, हात बाहेर काढला तर बोटं गळून पडतील. त्या थंडीत पंखावर एक करंडी, करंडीत पाच शेर बर्फ. चमचाभरच. तिने चमचा तसाच पातेल्यात सोडला. त्या दिवसापासून तिने विरजण लावलं नाही. माझा हात कडक आहे, दही आंबट होतं, असं ती सांगे; आधी जाऊबाई लावत, मग सुलक्षणा लावू लागली. बर्फ म्हणजे तिच्या लेखी माणसाने आणून माणसाने ठेवायची वस्तू होती, गाडीवरून यायची, भुशात पुरायची, टोच्याने फोडायची. आणि तो थट्टा करत होता की खरं बोलत होता हे कोण सांगणार? बायकोने दोन दिवस अबोला धरला की नवरे काय वाट्टेल ते करतात. बांधलीही असेल. तिला सुखी करायला बांधली असेल.

हे तिने कुणाला सांगितलं नाही. गुणाजीने जम्मूहून पत्रं पाठवली, मी धावपट्टीवर वाट बघत उभा होतो अक्का, दोन दिवस उभा होतो. त्या पत्रांना तिने उत्तर दिलं नाही आणि तो सुट्टीवर आला तेव्हा त्याच्यापुढे जेवणाचं ताट ठेवून ती आत निघून गेली. त्याला वाटलं, बहिणीचं काळीज जळलंय. मग तोही यायचा थांबला. बारा वर्षं झाली तेव्हा गावाहून दोन म्हातारे आले, म्हणाले, आता रीतीप्रमाणे दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यायला हवा, प्रेत नाही मिळालं तर शास्त्रात तशी सोय आहे, आणि तुझं कुंकू... ती म्हणाली, “ज्याला तो मेलेला बघायचाय त्याने डोंगरात जाऊन घेऊन यावं. तोवर माझ्या कपाळाकडे बघायचं नाही.” म्हातारे चहा न घेता गेले. मागाहून सगळ्यांनी आपापला अर्थ लावला. कुणी म्हणालं पतिव्रता, कुणी म्हणालं हट्टी. तिने दोन्ही ऐकून घेतलं. कुंकू लावताना आरशात ती स्वतःकडे बघायची तेव्हा तिला ठाऊक असायचं की आतली बाई पतिव्रता नाही आणि हट्टीही नाही, भित्री आहे. तो मेला म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, कुणामुळे. म्हणून तो मरायला नको होता.

विमलेने फ्रीज घेतला तेव्हा, तीन वर्षांपूर्वी, चाळभर बघायला गेली होती. विमलेने वरचं छोटं दार उघडलं. आतल्या पत्र्यावर पांढरी साय धरली होती, बोटभर जाड. “एवढा बर्फ कुणी ठेवला?” वनमालेने विचारलं. “कोण ठेवतंय मावशी, आपोआप धरतो. हवेतल्या पाण्याचा. आठवड्याने खरवडावा लागतो.” वनमाला बघत राहिली. मग म्हणाली, “आमटी ठेवलीय स्टोव्हवर,” आणि निघाली. स्टोव्हवर आमटी नव्हती. त्यानंतर विमलेने कितीदा बर्फाचं पाणी पाठवलं, तिने माठातलंच प्यायलं. आपोआप, हा शब्द तिने दाराबाहेर उभा करून ठेवला होता. आत घेतला असता तर काय झालं असतं, ह्याचा विचार तिने केला नाही. केला नाही असंही नाही. एखाद्या दुपारी, घरात कुणी नसताना, तो शब्द कडी वाजवायचा.

जेवणं झाली. चंद्रप्रकाश पानावर बसला होता आणि त्याचं ते उघडं डोकं तिला लहान मुलाच्या जावळ काढलेल्या डोक्यासारखं दिसत होतं. अडतीस वर्षांचा घोडा. सुलक्षणा भांडी घेऊन मोरीकडे गेली तेव्हा वनमालेने पाट पुढे ओढला.

“कुणाला विचारून जाळलंस?”

तो म्हणाला, “आये, मी बाबांपेक्षा मोठा झालो. ते चौतीसचे होते. मी चार वर्षं मोठा झालो त्यांच्यापेक्षा. किती वर्षं बाप येईल म्हणून बसू? शाळेत वडील काय करतात ह्याला उत्तर नव्हतं, माझ्या लग्नाच्या पत्रिकेत बाबांच्या नावामागे श्री. छापायचं की कै. ते ठरत नव्हतं. तुला बोलायची सोय नाही. तू तोंड उघडलंस की माणूस वाटेला लागतो.”

“मेलाय ह्याला पुरावा काय तुझ्याकडे?”

तो उठला, पिशवीतून पिवळे पडलेले टाईप केलेले कागद काढून बसला. नाशिकच्या भटाला तिथी आणि ठिकाण हवं होतं, म्हणून सांताक्रूझच्या जुन्या कचेरीत चार महिने खेटे घालून त्याने ही नक्कल मिळवली होती. सगळं इंग्रजीत. तो बोट ठेवून एकेक ओळ मराठीत करू लागला, अडखळत. हवा खराब होती. पायलटने खाली कळवलं होतं, पंख जड लागतायत. मग कळवणं बंद झालं. माणसं वर पोचली ती जूनमध्ये, बर्फ उतरू लागल्यावर. बारा जण सापडले, बाकीचे दरीत. सीतारामाचं नाव बाकीच्यांत होतं. ते त्याने दोनदा वाचलं. “आणि ही सामानाची यादी,” असं म्हणून तो जरा हसला, वातावरण सैल करायचं म्हणून. “हे ऐक, गंमत आहे. शेपटाचा भाग तुटून वेगळा पडला होता, त्यात माल जसाच्या तसा. टपालाच्या थैल्या, कापडाच्या गाठी. आणि शेवटी, भिंतीच्या कडीला दोरीने घट्ट बांधलेली एक बांबूची करंडी. गोणपाटात शिवलेली. आत समुद्राचे मासे, न नासलेले, संख्या...”

“आठ,” वनमाला म्हणाली.

त्याने कागदाकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मोरीतली भांडी वाजायची थांबली होती. वरून एक विमान आलं आणि झारे-उलथणे हलले, आणि ते जाईपर्यंत मायलेक एकमेकांकडे बघत राहिले. मग तिने सांगितलं. राधा कोळीण, भुसा, पाच शेर, अबोला, दारातलं ते बोलणं. दादूला विचारलेलं किती शेर. सांगताना तिचा आवाज नेहमीचाच होता, टोकदार, जणू दुसऱ्या कुणा बाईचा गाढवपणा ती सांगत होती. विरजणाचं मात्र सांगितलं नाही. तेवढी लाज राहू दिली.

“आये,” तो म्हणाला, “अगं पण तो बर्फ कुणी नेत नाही वर. ढगात पाणी असतं, बर्फापेक्षा गार, पण पातळच. त्याला काहीतरी लागलं की ते जागच्या जागी गोठतं. पंख लागला. कुठलंही विमान असतं तरी गोठलं असतं.”

“त्याला आधी थोडा लावावा लागत नाही?”

“काय लावावा?”

“काही नाही.”

ती उठून खिडकीशी गेली. बाहेर गॅलरीच्या दोरीवर कुणाचे तरी कपडे वाळत होते, खाली पोरं पतंगाच्या मांज्यावरून भांडत होती. हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट घरातून मोठी पेटी हलवावी आणि तिच्या जागी जमिनीवर चौकोन दिसावा, तसं काहीतरी आत उघडं पडलं. तेहतीस वर्षं ती त्याच्याशी भांडत होती. भाजी चिरताना, नळावर रांगेत, दवाखान्याच्या बाकावर. कशाला बांधलीत पंखावर, मी काय खरंच सांगितलं होतं, बाईचं बोलणं इतकं मनावर घेतात का? आणि तो ओठाच्या त्या कोपऱ्यातून हसायचा, उत्तर द्यायचा नाही. एवढं बोलणं दुसऱ्या कुणाशी झालं नव्हतं तिचं. आणि त्याने तर करंडी जिथे ठेवायची तिथेच ठेवली होती. शेपटात, मालाबरोबर, कडीला दोरी घट्ट बांधून. कामाचा माणूस. थट्टा केली, जिना उतरला आणि नीट जाऊन बांधली. तिनेच त्याला इतकी वर्षं खुळा ठरवून ठेवलं होतं. आता ज्याच्याशी भांडायचं तो खुळा नव्हताच कधी, आणि जो होता त्याच्याशी काय बोलायचं हे तिला ठाऊक नव्हतं. तिचा हात कपाळाकडे गेला आणि घाम पुसल्यासारखं करून खाली आला.

“कसा केला पुतळा?” खिडकीतूनच, मागे न बघता, तिने विचारलं.

“दर्भाचा. तीनशे साठ काड्या पळसाच्या, हाडं म्हणून. डोक्याला नारळ. माणसाएवढा करायचा असतो म्हणाला भट. बाबांची उंची विचारली. मला कुठे माहीत होती? मी माझीच सांगितली.”

“तुझ्यापेक्षा चार बोटं वर होते. ह्या दाराच्या चौकटीला डोकं लागायचं.”

“हो?” त्याने चौकटीकडे पाहिलं. उठून तिच्याखाली जाऊन उभा राहिला. डोकं लागलं नाही. मधे चार बोटं जागा राहिली आणि तिथे तो हात घालून बघत राहिला.

“रडलास?”

“थोडा. लाकडं पेटल्यावर.”

“कोण होतं बरोबर?”

“कोण असणार? भट होता. त्याला पुढच्याची घाई होती.”

सुलक्षणा मोरीच्या दारात ओले हात घेऊन उभी होती. वनमाला वळली. तिने त्याला नखापासून त्या बोडक्या डोक्यापर्यंत न्याहाळलं, जवळ आली, आणि डोक्यावर वस्ताऱ्याची एक बारीक चीर होती तिच्यावर बोट ठेवलं. तो लहानपणी अंग चोरायचा तसा चोरून उभा राहिला.

“ऐक,” ती म्हणाली. “बापाला अग्नी दिलास, ते बरोबर केलंस. बाराव्या वर्षीच द्यायला हवा होता, तो दोष माझा. पण आई घरात जिवंत असताना तू एकटा जाऊन भटापुढे रडून आलास. उंची मला विचारायची होतीस, चंदू. एकट्याने करायचं काम नव्हतं ते. वाईट केलंस.”